मागील रीडिंग, चालू रीडिंग

घटस्थापनेपासून वारा फिरलाय.
पहाटे जमिनीकडून सुटतो मतलई,
कापायला आलेल्या भाताचा वास
खाडीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडतो.

भाट्याच्या पुलाखाली सायकल टेकवून
मी सुरूच्या कडेनं निघतो, चपला हातात.
खिशात मंडळाची जुनी वही:
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
एकतीस वर्षं घरोघरची मीटरं वाचली,
तीनदा कुत्री चावली,
निवृत्तीला शाल-नारळ मिळाला
आणि दोन कोऱ्या वह्या मी आपणच उचलल्या.
त्यांत आता पाखरं.

ओहोटी, सहा चाळीस.
काजळी समुद्राला मिळते तिथं
वाळूची पाठ वर आलीय, ओली, म्हशीसारखी.
तिच्यावर कुरव.
उन्हाळ्याची तपकिरी टोपी
वाटेत कुठंतरी उतरवून आलेले;
कानामागं उरलाय एकेक ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट.
मागील दोनशे दहा. चालू एकशे चौऱ्याऐंशी.

चिखल्यांना मोजताना मात्र चुकतो.
धावतात, थबकतात,
थबकले की वाळूच होतात,
वसुलीवाला दारात आल्यावर
दिवा मालवून गप्प बसलेल्या घरासारखे.
जावयाच्या दुर्बिणीत एकाच डोळ्यानं दिसतं.
अंदाजे साठ, असं लिहितो,
आणि 'अंदाजे'ची लाज वाटते.

कोरल एकटाच.
वाकडी चोच खेकड्याच्या बिळात
पार डोळ्यापर्यंत.
हा कुठल्या नदीवरून आला ते पुस्तकात आहे,
पण ते नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
मी लिहितो: वरून.

जुलेखाबी होडेकर मांडीभर पाण्यात,
पायाच्या बोटांनी मुळे चाचपत.
"किती झालीं, मीटरवाले?"
आकडा सांगितला.
टोपली कमरेवर सरकवत म्हणाली,
"तुमची पाखरां बसतात ना,
तिथंच आमची होडी बसते."

हसून म्हणाली. पण गेल्या साली
ह्याच वाळूवर इरफानची होडी आडवी झाली,
इंजिन गेलं, बरगडी गेली,
जाळं तीन दिवसांनी मांडवीला लागलं.
गाळ काढा म्हणून राजिवड्यातून अर्ज फिरला,
माझ्याकडंही आला.
मी सही केली.
पेन ह्या वहीचंच होतं.

काल एक चिखल्या जवळ आला,
पायात हिरवी पट्टी, पट्टीवर अक्षरं.
धुळकट काचेतून आकडे वाचायची सवय,
एका दमात वाचली.
जुलेखाबीला सांगितलं तर ती
पदराला हात पुसून वाकून बघायला लागली,
जसं काही तिलाही दिसणार होतं.
"म्हणजे ह्याचीपण नोंदणी झालीय,
आमच्या होडीसारखी.
मग विचारा त्याला, बंदर कुठला?"

कोजागिरीपासून मांडवीच्या अंगाला
एक लोखंडी होडका येऊन उभा आहे,
नारिंगी, सोंडेचा, अजून मुका.
कुणी म्हणतं दिवाळीनंतर,
कुणी म्हणतं, पैसेच आले नाहीत.
त्याच्या सोंडेवर आज दोन सुरय बसलेत,
त्यांची नोंद करावी की नाही,
ठरत नाही.

पुढच्या अश्विनात वाळू नसेल,
इरफान भरतीची वाट न बघता बाहेर पडेल,
पडायलाच हवा.
आणि माझ्या वहीत, फरकाच्या रकान्यात?
कडीला कुलूप दिसलं की आम्ही शेरा मारायचो:
घर बंद.
पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन बघायचं,
असा नियम होता.

पुलावरून पावसची पहिली एसटी गेली.
एकही पाखरू हललं नाही.
मग कुणाचं तरी तांबडं कुत्रं
उगीचच पाण्यात शिरलं, आणि सगळी पाठ
एकदम उठली,
फिरली, पांढरी झाली, फिरली, काळी झाली.

एकशे बारापर्यंत आलो होतो.
आता पुन्हा एकपासून.